भाच्याचे तळे

संपादकांचे पत्र आले की दिवाळी जवळ आली, असे आमच्या घरी समजतात. यंदाच्या पत्रात "काहीतरी खुसखुशीत पाठवा" असा आग्रह होता, आणि मीही अनरशांच्या बिघडलेल्या पिठावर चार पाने लिहून ठेवली होती. पण दसऱ्याला भाचा सोने द्यायला आला. आपट्याची पाने हातावर ठेवून पाया पडला आणि पिशवीतून एक शंभरपानी वही काढून म्हणाला, "मामा, हे वाचून पाहा. मग लिहायचं तर लिहा." अनरसे राहिले बाजूला. कारण त्या वहीत जे आहे, त्याचा नारळ माझ्याच हाताने फुटला आहे.

भाच्याचे गाव वाशीम जिल्ह्यात, अडाण नदीच्या काठी. आमचा जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला. पण पाण्याची वाटणी डोंगरांनी त्याच्या किती आधी करून ठेवली आहे! काटेपूर्णा उत्तरेला उतरते आणि पूर्णेला मिळते. ते पाणी तापीबरोबर पश्चिम समुद्राला जाते. अडाण आणि अरुणावतीचे पाणी मात्र पैनगंगेत, तिथून वर्धेत, प्राणहितेत, गोदावरीत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. घराच्या आढ्यावर पडलेल्या पावसाने अर्धे या पाख्यावरून आणि अर्धे त्या पाख्यावरून ओघळावे, तसा हा प्रकार. एका पाख्यावरच्या माशाला दुसऱ्या पाख्यावर जायला वाट नव्हती. ती वाट माणसाने काढून दिली, डब्यातून आणि पिशवीतून.

२०२२ साली भाच्याने शेततळे खणले. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल, आत काळे प्लॅस्टिक. दोन वर्षे सोयाबीनने दगा दिला होता, डोक्यावर कर्ज होते, आणि कोणीतरी सांगितले की पाण्यात मासे सोड, मातीपेक्षा पाणी जास्त पिकते. एक दिवस एक गाडीवाला आला. ऑक्सिजन भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बोटाएवढी काळपट पिल्ले वळवळत होती. मासेमारीच्या भाषेत यांना बोटुकली म्हणतात. त्याआधीची अवस्था अर्धबोटुकली, आणि त्याही आधी, अंड्यातून नुकते बाहेर पडलेले, ते मत्स्यजिरे. फोडणीच्या जिऱ्याएवढेच असते म्हणून. ज्याने हा शब्द काढला, त्याच्या स्वयंपाकघराला माझा नमस्कार!

"थाई मागूर," गाडीवाला म्हणाला. "काहीही खाते. कोंबडीच्या दुकानातला टाकाऊ माल आणून टाका. आजारी पडत नाही, पाणी खराब झाले तरी मरत नाही, वर्षात किलोच्या पुढे जाते."

घरातला वडीलधारा म्हणून मला बोलावणे होतेच. मी नारळ फोडला, पहिली पिशवी माझ्याच हाताने तळ्यात सोडली, आणि मत्स्यावताराबद्दल चार शब्दही बोललो. निवृत्त मास्तरासमोर चार माणसे उभी केली की तो बोलणारच.

पुढच्या जानेवारीत आमच्या कन्येने वर्तमानपत्रातली एक बातमी मोठ्याने वाचून दाखवली. थाई मागूर नावाने विकला जाणारा मासा हा मुळात आफ्रिकेतला. केंद्र सरकारने २००० सालीच त्याच्या पालनावर बंदी घातली आहे. २०१९ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने तो नष्ट करण्याचे आदेश दिले. महाराष्ट्रातही त्याची तळी उद्ध्वस्त करण्यात आली. कन्येने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "सांगतो त्याला." ते कात्रण मी टेबलाच्या खणात ठेवले.

आणि सांगितले नाही. फेब्रुवारीत त्याने पहिला माल काढला, हप्ता भरला आणि मामीला एक चांगले पातळ घेऊन आला. पातळाची घडी मोडत असताना कात्रण कसे काढायचे? मनाशी म्हटले, तळे आपल्या शेतात, मासा आपल्या तळ्यात; कोणाचे काय जाते? दुसऱ्या खेपेची बोटुकलीही त्याने सोडली. मला माहीत होते आणि मी गप्प होतो. हे इथे लिहून टाकतो, म्हणजे पुढे जे लिहिणार आहे ते दुसऱ्याच्या चुकीवर बोट ठेवण्यासाठी नाही, हे वाचकांच्या ध्यानात येईल.

जुलै २०२३ मधल्या एका रात्री आभाळ फाटले. शेततळे काठोकाठ भरले, वरून नाल्याचे पाणी शिरले आणि बांधाचा एक कोपरा गेला. सकाळी गावातली पोरे बादल्या घेऊन धावत होती, कारण मासे चिखलातून, पऱ्हाटीच्या तासांतून अक्षरशः चालत होते. मागूर जातीला कल्ल्यांखेरीज हवा घेण्याचे वेगळे इंद्रिय असते. ओल्या रात्री तो पुढच्या काट्यांवर रेटा देत जमिनीवरून सरकतो. घरोघर त्या दिवशी मासळी शिजली. भाचा डोक्याला हात लावून बसला होता, आणि सगळे त्याचे सांत्वन करत होते ते गेलेल्या पैशांबद्दल. नाला पुढे अडाणला मिळतो, हे कोणाच्या मनातही आले नाही.

आले ते एका म्हाताऱ्या भोयाच्या. याच्या वडिलांकडून माझे वडील मासे घेत; पोरवयात नदीवर मला फेकजाळे धरायला शिकवले ते यानेच. तो ओसरीवर बसला, बराच वेळ काही बोलला नाही, आणि मग म्हणाला, "गुर्जी, तुमच्या भाच्यानं नदीत वाघ सोडला. वाघ तं परवडला बाप्पा, थो पोट भरलं का झोपते."

लाज वाटली की मास्तर पुस्तक उघडतो. मीही उघडले. तेव्हा कळले की भाच्याच्या तळ्यासारखी तळी जगभर फुटली आहेत, आणि काही तर मोठमोठ्या शहाण्यांच्या देखरेखीखाली.

आपल्या देशापुरती ही कथा बरीचशी एका दशकात घडली. १९५२ साली सिलोनहून तिलापिया आला आणि मंडपमला उतरला. १९५७ साली बँकॉकहून सायप्रिनस कटकला आला. १९५९ साली चंदेरा आणि गवत्या हे चिनी वंशाचे मासे आले. आणि याच दशकात, १० जुलै १९५७ ला, ओरिसातल्या अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशांना पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावली. त्यापूर्वी रोहू-मृगळाचे बीज पावसाळ्यात बंगालच्या नद्यांतून गोळा करून मातीच्या हंड्यांतून रेल्वेने गावोगाव जात असे. चौधरींच्या शोधाने ते हवे तिथे मिळू लागले, आणि १० जुलै हा दिवस आजही मत्स्यशेतकऱ्यांचा दिवस म्हणून पाळतात.

या मंडळींना नावे ठेवायला माझी जीभ रेटत नाही. देश अर्धपोटी होता. स्वस्त आणि सकस अन्न कुठून मिळेल याचा शोध चालला होता. आज आमच्या वाशीमच्या बाजारात रोहू-कटला दिसतो, तो त्यांच्याच कष्टाचा. पण रोहू-मृगळही मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. आमच्या दोन्ही पाख्यांवरच्या पाण्यांत ते पाहुणे म्हणूनच आले, हे मला साठी उलटून गेल्यावर कळले!

पाहुणे-पाहुण्यांतही फरक असतो. रोहूला अंडी घालायला वाहते, फुगलेले पाणी लागते. तळ्यात सोडला तर तो आपणहून वाढत नाही. सायप्रिनस साचल्या पाण्यातही वाढतो, आणि तळाचा चिखल उकरून पाणी गढूळ करतो. आपल्याकडे पूर्वीपासून पसरलेल्या तिलापियाची मादी तर अंडी तोंडात धरून उबवते. वर्षातून कितीदा, याला धरबंद नाही. उजनीच्या जलाशयावर जाऊन पाहा. तिथले मच्छीमार त्याला चिलापी म्हणतात, आणि जाळ्यात दुसरे काय आले हे विचारायच्या आधी चिलापी किती आली हे सांगतात.

तळे फुटण्याची आपल्याकडची सर्वांत बोलकी गोष्ट हिमाचलातली आहे. सतलजवर भाक्रा धरण झाले, त्याच्या मागे गोविंदसागर पसरला. जलाशयात कटला सोडला होता, तो छान वाढत होता. १९७१ साली जवळच्या एका मत्स्यबीज केंद्रात पुराचे पाणी शिरले आणि तिथले चंदेरा जलाशयात निसटले. चंदेरा आणि कटला दोघेही वरच्या थरातली सूक्ष्म जीवसृष्टी गाळून खाणारे. म्हणजे एकाच पंक्तीला बसणारे, एकाच वाढप्याकडे पाहणारे. त्यात चंदेराला ते थंड पाणी मानवले आणि त्याने तिथे वंश वाढवला. पुढच्या वर्षांत कटला मागे पडत गेला आणि गोविंदसागर हा चंदेराचा जलाशय होऊन बसला. मासळी एकंदरीत वाढली, हेही सांगायला हवे. मच्छीमाराच्या हिशेबाच्या वहीत तो तोटा नव्हता. पण एका रात्रीच्या पुराने एका सरोवराचे घराणे बदलले, आणि ते आजवर कोणाला परत बदलता आलेले नाही.

बाहेरच्या जगात ही दुर्घटना अधिक श्रीमंतीने होते, एवढेच. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, सायप्रस बेटाजवळ सॅमन माशांचे जाळीदार पिंजरे कोसळले आणि अडीच लाखांच्या आसपास मासे समुद्रात गेले. २०१८ च्या महापुरानंतर आपल्या केरळातल्या चालकुडी नदीत अ‍ॅमेझॉनचा अरापायमा सापडला! कोणाच्या तरी हौसेच्या तळ्यातून निघालेला.

पण मला खरी झोप लागली नाही ती सॅमनच्या दुसऱ्याच गोष्टीने. तिथे निसटणारा मासा परका नसतो. नदीतल्या सॅमनचाच तो पाळीव भाऊ. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून त्याला लवकर वाढणारा आणि खादाड बनवलेले असते. आयर्लंडमध्ये बरिशूल नदीवर शास्त्रज्ञांनी पाळीव, रानटी आणि मिश्र पिल्ले एकत्र वाढवून दोन पिढ्यांचा हिशेब ठेवला; तो २००३ साली प्रसिद्ध झाला. पाळीव बापाची पोरे लहानपणी धष्टपुष्ट; ती रानटी पिल्लांना चांगल्या जागांवरून हुसकून लावतात. पुढे मात्र समुद्राचा प्रवास, शत्रू, उपासमार यांत हीच धष्टपुष्ट मंडळी कमी टिकतात. म्हणजे घरच्याला हाकलून द्यायचे आणि स्वतःही नांदायचे नाही.

आणि हे केवळ गोऱ्यांच्या समुद्रातच होते असे नाही. ज्या थायलंडचे नाव या माशाला चिकटले, तिथेच पहा. तिथल्या शेतकऱ्यांनी देशी मागूर आणि आफ्रिकन मागूर यांचा संकर करून तळी भरली. तो संकरित मासा निसटला, आणि मध्य थायलंडातल्या रानटी देशी मागुरात आफ्रिकन रक्ताच्या खुणा सापडल्या. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत हे नोंदलेले आहे. आपल्याकडचा गावरान मागूर तर जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत आधीच संकटग्रस्त म्हणून बसला आहे.

आम्हा वऱ्हाडी माणसांना हे निराळे समजावून सांगायला नको. गावरानी कापूस गेला, संकरित आला, २००२ नंतर बीटी आला. पण कापसाचे गावरानी बियाणे एखादी म्हातारी गाडग्यात राखून ठेवू शकते. नदीतल्या माशाचे बियाणे कोणत्या गाडग्यात ठेवणार?

हा प्रश्न मी त्या म्हाताऱ्या भोयाला विचारला. तो हसला. "गुर्जी, ठेवलेलं हाये की. डोहात."

आणि मग त्याने जे सांगितले ते कोणत्याच पुस्तकात मला इतके स्वच्छ भेटले नव्हते. आमच्या नद्या बारमाही नाहीत. फाल्गुनानंतर अडाण जागोजाग तुटते. वाळू उघडी पडते आणि खडकाच्या पोटाशी, बाभळीच्या मुळांशी तेवढे डोह उरतात. मरळ, वाम, शिंगाळा, खवली, मुरी, झिंगे, जे कोणी जगणार ते त्या डोहांत चैत्र-वैशाख काढते आणि मृगाच्या पाण्याबरोबर पुन्हा नदीभर पसरते. डोह म्हणजे नदीची बियाण्याची कणगी. आता त्या कणगीत हा पाहुणा शिरला. पाणी आटले, कोमट झाले, त्यातला प्राणवायू संपत आला, तरी तो वर येऊन हवा घेतो आणि जगतो. बाकीचे तोंड वासून अर्धमेले झालेले असतात, पळायला जागा नसते. आणि हा मोठ्या तोंडाचा, आठ मिशांचा गृहस्थ रात्रभर जेवतो. आपला गावरान मागूरही हवा घेतो, मरळही घेते. पण त्यांचे तोंड केवढे, आणि याचे केवढे!

"कणगीत उंदीर शिरला का," म्हातारा म्हणाला, "पेरणीच्या दिवशीच समजते."

मी त्याला चिमटा काढायला म्हणालो, "पण तुमच्या संस्थेने ठेक्याने घेतलेल्या तलावातही तुम्ही सायप्रिनस सोडताच की!" त्याने नजर चुकवली नाही. "सोडतो. पोट हाये ना, गुर्जी. पण जिथं सोडतो, तिथं जाळी लावतो. अन् सांडव्यावर रात्री माणूस बसवतो." बंदीच्या कायद्याची चार पाने मी वाचली होती; त्यांचा अर्क या दोन वाक्यांत होता, असे मला वाटते. मासा परका की आपला, हा वाद विद्वानांनी घालावा. फाटकाला कडी आहे का, हे आधी पाहावे.

त्या संध्याकाळी मी खणातले कात्रण काढून भाच्यापुढे ठेवले. त्याने तारीख वाचली. मग माझ्याकडे पाहिले. "मामा, तुम्हाले जानेवारीतच माहीत होतं?" एरवी माझ्याशी तो शुद्ध बोलतो. मी हो म्हणालो. तो उठून बाहेर गेला, आणि दिवाळीपर्यंत आमच्याकडे आला नाही. त्या भाऊबीजेला मी बहिणीकडे गेलो. तिने ओवाळले, ओवाळणी घेतली, तेव्हा तो शेतावर होता.

पुढचे त्याने मला न विचारता केले. उरलेले तळे उपसले, होते नव्हते ते थाई मारून चुना घालून पुरले. तळे नीट बांधून घेतले, सांडव्याला दुहेरी जाळी बसवली, आणि आता त्यात रोहू-कटला ठेवतो. पैसे पूर्वीपेक्षा कमी होतात. मग एके दिवशी तो म्हाताऱ्याकडे गेला. नदीच्या माशांची नावेसुद्धा त्याला धड येत नव्हती. कारंज्याचे अभ्यासक नीलेश हेडा यांनी अडाण आणि गडचिरोलीकडची कठाणी या दोन नद्यांतल्या माशांवर २००९ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास त्याने कुठून तरी मिळवला. त्यातली लॅटिन नावे तो मोठ्याने वाची, वर्णन सांगे, आणि म्हातारा त्यांना आपली नावे देई. असे बारसे अडाणच्या काठी पूर्वी कधी झाले नसेल. भंडारा-गोंदियाकडे ढिवर समाजाच्या बायकांनी जुन्या मालगुजारी तलावांत पाणवनस्पती लावून देशी मासे परत आणले, हेही त्याने वाचले होते. पण तलाव वेगळा आणि नदी वेगळी, असे म्हातारा म्हणाला.

२०२४ आणि २०२५ या दोन्ही उन्हाळ्यांत, चैत्र-वैशाखात दर आठवड्याला, भाचा आणि म्हातारा गावाखालच्या तीन डोहांत जाळे टाकतात. देशी मासा आला की पाण्यातच सोडतात. थाई आला की काठावर. किलोमागे ठरलेली मजुरी भाचा म्हाताऱ्याला आपल्या खिशातून देतो. हे सगळे वहीत मांडलेले आहे. आखलेले रकाने, तारीख, डोहाचे नाव, माशाचे नाव, आकडा. अक्षर माझ्या शाळेतले आहे, हे ओळखून उगीच बरे वाटले.

मी वही दोनदा वाचली. २०२४ चा पहिला दिवस: थाई अकरा, सर्वांत मोठा सव्वातीन किलोंचा, खवली चार, वाम एक, मरळ नाही. दुसऱ्या आठवड्यात थाई सोळा, मरळ नाही. एका पानावर थाईच्या पोटात सापडलेल्या वस्तूंची यादी आहे: झिंगे, बेडूक, मुरी, एक छोटा गावरान मागूर, एका पाणकोंबडीच्या पिलाचा पाय. २०२५ च्या पानांवर आकडे थोडे उतरतात: नऊ, सात, सात, पुन्हा बारा. वरच्या अंगाला आणखी कोणाचे तळे फुटले असेल, असे समासात बारीक अक्षरात लिहिले आहे. मरळीच्या रकान्यात दोन्ही उन्हाळे मिळून तीन.

मृगानंतर नोंदी बंद होतात, कारण पाणी वाढते आणि जाळे चालत नाही. मात्र आषाढातली एक तारीख टाकून शेवटच्या पानावर दोन ओळी आहेत. मरळीची पिल्ले लालभडक असतात, घोळक्याने पाण्यावर येतात आणि खाली आईबाप पहारा करतात, हे ज्याने पाहिले असेल त्याला त्या कळतील.

"मधला डोह, बाभळीच्या मुळाशी. लाल पिल्ले दिसली. मोजली नाहीत, बाबा जवळ जाऊ देत नाही."